मांडवाखालची हळद

नणंदेच्या लग्नासाठी मी मांडववाल्याला पाऊस अडवणारं ताडपत्रीचं छत सांगितलं, तेव्हा सासऱ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. उन्हाळ्यातल्या लग्नाला सावली पुरते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पावसाला पत्रिका लागत नाही. अलीकडे तो चैत्रातही येतो, आणि नेमका आमची हळद वाळत असतानाच.

आदल्या वर्षी असाच आला होता. आम्ही उकडलेली हळद घाईघाईने ढिगात ओढली, वर प्लास्टिक टाकलं आणि स्वतःला शहाणे समजून झोपलो. ओली हळद झाकली की आतल्या आत घामेजते. सकाळी प्लास्टिक काढलं तर पिवळाधमक माल काळपट पडलेला. तो राग माझ्या मनातून गेला नव्हता, म्हणून मी छतासाठी भांडले आणि माझंच खरं केलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी नणंदेला हळद लागली. घरामागच्या खळ्यावर शेतातली हळद वाळत होती. दुपारी वारा फिरला आणि सिद्धेश्वर धरणाच्या अंगाने आभाळ भरून आलं. मी घमेलं उचललं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, हळद मांडवात आणा, ढीग करू नका, पसरा.

अंगाला हळद लागलेल्या नवरीने उंबरा ओलांडायचा नसतो. नणंद निघाली, तशी चुलतसासूबाईंनी तिला दारातच अडवलं.

ती शांतपणे म्हणाली, "काकू, वर्षभर मीच खुरपली ही हळद. आता ती भिजणार अन् मी घरात बसू काहून?"

मग काकूंनी तिला वाट दिली आणि स्वतःच पदर खोचला. त्या निघाल्यावर जरीच्या साड्या नेसून आलेल्या बाकीच्या बायकांना मागे राहायची सोय उरली नाही. शेवटचं घमेलं आत आलं आणि गारांनी छत बडवायला सुरुवात केली. थेंबसुद्धा आत आला नाही. सासरे वर छताकडे बघत होते आणि मी मुद्दाम त्यांच्याकडे.

पण सकाळीही आभाळ उघडलं नाही. खळ्यावर चिखल, आणि मांडवात या टोकापासून त्या टोकापर्यंत हळद. बोहल्याला जागाच नव्हती. हट्टा गावाहून नवरदेवाचं वऱ्हाड येऊन पोचलं तसा सासऱ्यांचा चेहरा उतरला. व्याही रुसले तर लेकीचं काय होईल, या धास्तीने ते हळद बाहेर काढा म्हणू लागले. मला रडूच आलं.

नवऱ्या मुलाचे वडीलही हळदवालेच. मांडवाच्या कडेला त्यांनी चपला काढल्या, वाकून एक हळकुंड उचललं आणि नखाने खरडून पाहिलं. सासऱ्यांनी हात जोडले.

"हात लावू नका तिला," व्याही म्हणाले. "आमची परवाच भिजली. तुमची तरी वाळू द्या. लगीन आमी चिखलात उभ्यानं लावू."

तसंच लागलं. अंतरपाट धरणाऱ्यांचे पाय रुतत होते, नणंदेला हसू आवरत नव्हतं आणि मी अक्षता टाकायच्या सोडून मांडवाकडेच बघत होते. ती हळद शेवटपर्यंत पिवळीधमक राहिली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

या चैत्रात सासरे आपणहून मांडववाल्याकडे गेले आणि सगळ्या गल्लीला पुरेल एवढा ताडपत्रीचा मांडव सांगितला. लग्न कुणाचं, असं त्याने विचारलं.

"लगीन न्हाई," सासरे म्हणाले. "हळद हाय. आमच्या सुनबाईला विचारून छत टाक."