गळीत हंगामातलं भाड्याचं घर

मंगळवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी सुरजवती खालच्या घरात स्टुलावर उभी राहून लोणी लावायच्या बोथट सुरीने खिडकीचा रंग खरवडत होती. काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी. रविवारपर्यंत ती दांडा ओढला की उघडायची. आता भिंतीसारखी झाली होती. आणि दहा वाजता घर पाहायला नर्स येणार होती.

बेटावरच्या या लौटोका शहरात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडते आणि वारा नेईल तिथे पडते. रविवारी दुपारी सुरजवतीने खिडक्यांच्या चौकटींना पांढरा ऑइलपेंट दिला. संध्याकाळी वारा फिरला, अंगणात काळी भुरभुर सुरू झाली. ओल्या रंगावर डाग पडू नयेत म्हणून तिने धावत जाऊन सगळ्या खिडक्या बंद केल्या. चाळीस वर्षांची सवय. रंग वाळला तो पट्ट्या चौकटीला चिकटवूनच. डाग मात्र एकही पडला नाही.

“दीदी, खिडकी उघडतेयस की फोडतेयस?” कुंपणापलीकडून जैबून ओरडली. दोघींच्या घरांमध्ये तारेचं एक कुंपण आहे आणि ते बोलण्याच्या आड कधी आलेलं नाही.

“बघत काय उभी राहिलीस? रॉकेल आण.”

“रॉकेलने घरभर वास सुटेल. खोबरेल लाव. आणि आधी ती सुरी बदल, तिने लोणीसुद्धा कापलं जात नाही.”

जैबून खोबरेल घेऊन आली आणि दुसऱ्या खिडकीला भिडली.

हे खालचं घर म्हणजे दोन खोल्या, मोरी आणि स्वयंपाकाचा कट्टा. सुरजवतीचा नवरा उसाचा ट्रक चालवायचा. लग्नानंतर दोघं इथेच राहिली आणि राहता राहता डोक्यावर वरचा मजला चढवला. मुलगा प्रणील इथेच जन्मला. तो आता ब्रिस्बेनमध्ये असतो. नवरा गेल्यापासून ती वर एकटी राहते आणि खालचं घर भाड्याने देते. शेवटचं कुटुंब एप्रिलमध्ये नांदी शहरात राहायला गेलं. त्यानंतर तीन जण पाहून गेले. कळवतो म्हणाले.

प्रणीलने गेल्या महिन्यात फोनवर सांगितलं होतं, “पुढच्या महिनाअखेरपर्यंत भाडेकरू आला तर ठीक. नाहीतर आई, घर विकू या. तू इकडे ये. एकटीने ते रिकामं घर सांभाळत बसायचं वय आहे का?” तो रागाने बोलला नव्हता, त्यामुळे तिला भांडताही आलं नाही. ब्रिस्बेनला ती एकदा राहून आली होती. सगळे कामावर गेले की ती संध्याकाळपर्यंत सोफ्यावर बसून असायची. तिथे कुंपणापलीकडे कोणी ओरडत नव्हतं.

म्हणून ती कामाला लागली. आयुष्यभर तिने कपड्यांच्या कारखान्यात शिलाई केली होती. घरात पडलेल्या तुकड्यांतून तिने पडदे शिवले, जोड दिसू नयेत असे. कपाटांना नव्या मुठी लावल्या. गळका नळ बदलला. मोरीच्या फरशीवरचे गंजाचे डाग लिंबाने घासून काढले. पिवळट दिवे काढून पांढरे लावले आणि मग त्या उजेडात भिंती कळकट दिसल्या म्हणून भिंती रंगवल्या. भिंतींपुढे चौकटी जुन्या वाटल्या. तिथेच घात झाला.

दहा वाजेपर्यंत चार खिडक्या सुटल्या. कारखान्याच्या बाजूच्या दोन हलल्या नाहीत. सुरजवतीने त्यांच्यावर पडदे ओढून घेतले आणि जैबूनला घरी पिटाळलं.

नर्सचं नाव मेरेओनी. धिप्पाड, हळू बोलणारी. चपला बाहेर काढून आत आली. सुरजवती गरजेपेक्षा जास्त बोलत होती. हा नळ नवा, या मुठी नव्या, हा दिवा बघ. मेरेओनीने नळ बघितला, मुठी बघितल्या, मग सरळ जाऊन पडदा बाजूला केला आणि दांडा ओढला. दांडा जागचा हलला नाही.

“ती चिकटलीय,” सुरजवती म्हणाली. “ओल्या रंगावर काजळी पडेल म्हणून बंद केली. माझीच अक्कल.”

मेरेओनी हसली. “माझ्या मावशीने दरवाजाच चिकटवला होता, आंटी. घरचे दोन दिवस खिडकीतून ये-जा करत होते. काकांचं पोट अडकायचं.” मग हसू आवरून तिने विचारलं, “या बाजूची खिडकी हंगामात उघडतंय कोण? मला हे सांगा, कपडे कुठे वाळवायचे?”

सुरजवतीने अंगणातली तार दाखवली. मेरेओनी तारेकडे बघत उभी राहिली.

“आत्ता राहते तिथेही अशीच उघड्यावरची तार आहे. युनिफॉर्म पांढरा. एकदा धुते, काळे ठिपके पडतात, परत धुते. मेट्रनला काजळी दिसत नाही, डाग तेवढे दिसतात.”

ती चपला शोधू लागली. सुरजवतीला ते दिसलं.

“थांब, बेटी. मागे ये.”

मागे जिना आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये अरुंद बोळ होता. वर पत्रा, एका बाजूला नवऱ्याच्या ट्रकची जुनी ताडपत्री, मधे दोरी. दोरीवर सुरजवतीचे स्वतःचे कपडे होते. ही जागा तिने आजवर कुठल्याच भाडेकरूला दाखवली नव्हती.

“ही दोरी तुझी,” ती म्हणाली.

“आणि तुमचे कपडे?”

“माझ्या कपड्यांना कुठली मेट्रन बघायला येतेय?”

मेरेओनीने दोरीवरून बोट फिरवलं आणि बोट निरखलं. “एक पांढरा अभ्रा भिजवून द्या,” ती म्हणाली. अभ्रा तिने स्वतःच्या हाताने पसरला, चिमटे लावले. “आज माझी रात्रपाळी आहे. उद्या सुटले की येते. हा पांढरा राहिला तर मी सामान आणते.”

ती गेल्यावर जैबून कुंपणाशी हजर होती. “यात काय एवढं? सकाळी ती यायच्या आत दुसरा अभ्रा लाव.”

“आणि पुढच्या आठवड्यात तिचा युनिफॉर्म काळा झाला की? तेव्हा काय लावू?”

सुरजवतीने मोरीतला जुना प्लास्टिकचा पडदा काढला, ताडपत्री जिथे संपत होती तिथून टाकीपर्यंत शिवून टाकला. खाली दोन हात जागा उरली. तिथे तांदळाची रिकामी पोती जोडली. संध्याकाळी प्रणीलचा फोन आला.

“कोणी आलं होतं?”

“आलं होतं.”

“मग?”

“उद्या कळेल.”

फोन ठेवून ती मागे गेली. अभ्रा अजून ओलसर होता. पोती आतल्या बाजूला फुगत होती, म्हणजे वारा कारखान्याकडून होता. तिने पोत्यांच्या खालच्या कडेवर विटा ठेवल्या.

मेरेओनीची पाळी सकाळी सातला सुटते. हॉस्पिटलहून या वस्तीकडे येणारी पहिली बस सव्वासातची आहे.