तिची दोन वर्षं

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते म्हणजे मलकापूरच्या शाळेतले माझे सातवीचे गुरुजी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील सही करत, पण ती काढायला त्यांना वेळ लागे. मी बी.ए. झालो, कोल्हापुरात सरकारी कचेरीत लागलो, आणि पुढं कुणीही विचारलं की सांगत राहिलो : गुरुजींनी मला एक वर्ष सातवीत मागं ठेवलं, म्हणून मी घडलो.

सातवीच्या फायनल परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी वडलांना शाळेत बोलावून माझ्यादेखत सांगितलं होतं, "पोरगं कच्चं हाय. यंदा बसवत न्हाय." माझ्या बरोबरीची मुलं पास होऊन गेली आणि मी पुन्हा त्याच वर्गात बसलो. खालून आलेली पोरं मला 'म्हातारं' म्हणत. पुढच्या वर्षी मी चांगल्या गुणांनी पास झालो आणि गुरुजींनीच मला कोल्हापूरच्या बोर्डिंगात आणून सोडलं. त्या जादा वर्षानं पाया पक्का झाला, असं मी धरून चाललो. मुलं झाल्यावर त्यांनाही जेवताना हीच गोष्ट ऐकवू लागलो.

मला दोन मुलं. मोठी मुलगी, तिच्या पाठीवर दोन वर्षांनी मुलगा. मुलीला आम्ही पेठेतल्या नगरपालिकेच्या शाळेत घातलं. शाळा जवळ होती, फार विचार केला नाही. मुलाची वेळ आली तोवर मला बढती मिळाली होती आणि कचेरीतल्या दोघा-तिघांची मुलं इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जात होती. मी मुलाला तिथं घातलं. त्या वेळी बायकोनं विचारलं होतं, "आणि हिला?" मी म्हणालो होतो, "तिचं चांगलं चाललंय की. कशाला हलवायचं?"

मुलगी चौथी पास झाली आणि तो प्रश्न परत समोर आला. आमच्याकडे चौथीनंतर शाळा बदलायची वेळ येते. पाचवीपासून मराठी माध्यमाच्या खासगी शाळा सुरू होत. त्यांतली मुलींची एक शाळा आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होती. पण माझ्या मनात मुलाची शाळा होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्राध्यापक इंग्रजीत शिकवत आणि मी ऐकू येईल ते मराठी अक्षरांत उतरवून घेई. खोलीवर जाऊन त्यातला एकेक शब्द डिक्शनरीत शोधायचा, निम्मे सापडायचे नाहीत. मुलीवर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटत होतं. शिवाय मुलाला दिलं ते तिला दिलं नाही, हेही आत कुठंतरी टोचत होतं.

मुलाच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला इंग्रजीतून नाव विचारलं, वय विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांनी मराठीतून गणित घातलं, ते तिनं तोंडी सोडवलं. बाई हसून मला म्हणाल्या, "हुशार आहे. पण इंग्रजी अजिबात नाही. पाचवीत झेपणार नाही तिला. तिसरीत बसवू या."

"तिसरीत?"

"दोनच वर्षांचा प्रश्न आहे. आणि धाकटा भाऊ आता तिसरीतच जातोय ना? सोबत होईल."

मी विचार करून सांगतो म्हणालो, पण मनात हो म्हणूनच बाहेर पडलो. माझं एक वर्ष गेलं होतं, त्यानं माझं कल्याणच झालं होतं. हिची दोन गेली तर काय बिघडलं?

घरी हे सांगितलं तेव्हा मुलगी ताटात तांदूळ निवडत होती. पहिल्यांदा मुलगाच बोलला.

"मग आता मी हिला अक्का म्हणायचं न्हाय. एका वर्गात कोण अक्का म्हणतंय?"

बायकोनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग मला म्हणाली, "अहो, त्याच्याशेजारी हिला बसवायची? पोरी हसतील की तिला."

"मला पण हसत होती पोरं. काय झालं माझं?"

"तुमचं सोडा. तुमाला तवा कोण इचारलं हुतं?"

मुलीकडे वळून मी म्हणालो, "बसशील ना गं?" तिनं मान खाली ठेवूनच "बसते" म्हटलं. मला ते शहाणपण वाटलं. बायकोला वाटलं नाही. तिचा विरोध मोडायला माझ्याकडे एकच उपाय होता, गुरुजींचा शब्द. पुढच्या रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी मलकापूरला गेलो.

गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. हाताला तेल लावून ते पडवीत फणस फोडत बसले होते. "हात चिकट आहेत, लांबूनच नमस्कार कर," म्हणाले. मी बसलो आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही मला एक वर्ष मागं ठेवलंत म्हणून माझा पाया पक्का झाला. तसंच हिचंही होईल."

त्यांनी विळी बाजूला सरकवली.

"तुझा पाया कच्चा होता हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. वडलांना सांगितलंत, माझ्यासमोर."

"तुझ्या बापाला सांगितलं. तुला नव्हे."

मग ते गरे काढता काढता बोलत राहिले. फायनल झाली की वडील मला लाकडाच्या वखारीत मोजणीला लावणार होते. मालकाशी बोलणं झालं होतं. कोल्हापूरच्या बोर्डिंगात त्या वर्षी जागा नव्हती, पुढच्या वर्षी होणार होती. "मधलं वर्ष तुला ठेवायचा कुठं? शाळेतच ठेवला. कच्च्या पोराला मोजणीला कोण घेतंय? तुझ्या बापानंच मालकाला जाऊन सांगितलं, अजून हिशेब जमत नाही म्हणून."

"म्हणजे मी पास झालो असतो?"

"तालुक्यात पहिल्या पाचांत आला असतास."

"मग मला का सांगितलं नाहीत?"

"तेवढ्याशा पोराच्या पोटात काय राहतंय? घरी जाऊन बोलला असतास."

"आणि नंतर?"

"नंतर तू पास होत गेलास. राहून गेलं." त्यांनी एक गरा माझ्या हातावर ठेवला. "मुलाला घातलंस तेव्हा मुलगी कितवीत होती?"

"दुसरी झाली होती तिची."

"तेव्हा का नाही घातलीस?"

मी गऱ्यातली आठळी काढत राहिलो.

"बघ म्हणजे. चूक तुझी, आणि वर्षं तिची," ते म्हणाले, आणि पुन्हा विळी पुढं ओढली.

परतीच्या एस.टी.त मला कृतज्ञता वाटली असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. मला राग आला. ते एक वर्ष मी मान खाली घालून काढलं होतं. पुढं त्या खाली घातलेल्या मानेलाच मी शिस्त म्हणू लागलो, तिच्यावर माझी सगळी गोष्ट उभी केली, आणि आता तीच गोष्ट मुलीच्या डोक्यावर ठेवायला निघालो होतो. गुरुजींनी मला एक वर्ष मागं ठेवलं नव्हतं, शाळेत राखून ठेवलं होतं. माझ्या मुलीला शाळेतून कुणीच काढणार नव्हतं. मग तिची दोन वर्षं मी कशापासून राखत होतो?

घरी आल्यावर मुलीला जवळ बसवून विचारलं, "तुला कुठं जायचंय?"

"पाचवीत."

"मग त्या दिवशी बसते का म्हणालीस?"

"तुम्ही दोनदा बसलात, ते सारखं सांगता. मला वाटलं, बसायचंच असतं."

आतून बायको म्हणाली, "ऐका आता."

दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी मुलींच्या शाळेत गेलो. फॉर्मवर पालकाचं शिक्षण विचारलं होतं. एरवी मी बी.ए. मोठ्या अक्षरांत लिहीत असे, त्या दिवशी रकान्यात मावेल एवढंच लिहिलं. पाचवीतल्या मुली तिथं इंग्रजी मुळाक्षरांपासून सुरू करत. मला धाकधूक होती, आणि ती पुढंही पुष्कळ वर्षं राहिली. तो निर्णय बरोबरच होता असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो तिला विचारून घेतला होता.

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना पत्र पाठवलं. कचेरीतल्या सवयीनं त्याची नक्कल ठेवली होती, ती अशी :

तीर्थस्वरूप गुरुजींना साष्टांग नमस्कार.

मुलीला पाचवीत घातले. शाळा मुलींची, मराठी माध्यमाची आहे. पहिल्या आठवड्यात तिला दोन मैत्रिणी मिळाल्या.

मी त्या दिवशी नीट निरोप न घेता निघालो, याची क्षमा असावी. मनात राग होता. तो वाटेत बांबवडे येईपर्यंत टिकला, पुढे मला माझीच लाज वाटू लागली. तरी एक तक्रार करतो. मी बोर्डिंगात पोचल्यावर तुम्ही मला खरे सांगायला हवे होते. मी स्वतःला कच्चा समजत इतकी वर्षे काढली. वडील तर तसेच समजून गेले. त्यांना आता सांगता येत नाही.

मुलांना ती गोष्ट मी दुरुस्त करून सांगितली. मुलीने विचारले, गुरुजी खोटे बोलले का? मी हो म्हटले. ती म्हणाली, मग त्यांना भीती नाही वाटली? हे मी तुम्हाला कधी विचारलेच नाही. वडील तापट होते, गावात तुम्ही एकटे होता. वाटली असेल तर कळवावे, तिला सांगेन.

मुलाला त्याच शाळेत राहू द्यावे की पुढे बहिणीसारखे मराठीत आणावे, हे अजून ठरत नाही. या वेळी आधी त्याला विचारीन, आणि मग तुम्हाला.

तुमचा विद्यार्थी