काळ्या तव्याचा आहेर

हदगावच्या स्टँडवर मला सोडायला सगळी भावकी जमली होती. मी हुंदके देऊन देऊन रडत होते आणि बायका एकमेकींना सांगत होत्या, पोरीला माहेर सोडणं लई जड जाऊन राहिलं. त्यांना काय ठाऊक, त्यातलं निम्मं रडू कपबशांचं होतं! माझी मैत्रीण सुशीला मुदखेडला नांदायला गेली, तेव्हा तिला सोनेरी काठाच्या, गुलाबाच्या फुलांच्या कपबशा मिळाल्या होत्या. मी तर मॅट्रिक पास, वर नवरा लातूरला सरकारी हापिसात. मला तसला सेट मिळणारच, हे मी मनाशी धरून बसले होते. आणि मायनं एसटीच्या खिडकीतून आत काय सरकवलं, तर बारदानात गुंडाळलेला तवा. तोही वापरलेला, काळाकुट्ट.

शेजारच्या काकूनं टोकलंच, "लेकीला लोखंड देतेत का कुठं? शनी लागतो."

माय म्हणाली, "आमी विहारात जाया लागल्यापासून शनीला आमच्या घराचा पत्ताच सापडंना गेलाय."

मग माझ्याकडं वळून हळूच बोलली, "कपबशी पाव्हण्याची असती माय. भूक घरच्याची असती."

वाक्य सोन्यासारखं होतं, पण तेव्हा मी सोनं फक्त कपाच्या काठावर बघत होते. नांदेडला गाडी बदलायची होती. मी बारदान सीटखाली सरकवलं आणि विसरल्यासारखी खाली उतरले. कंडक्टर भला माणूस. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ ताई, तवा राह्यला की तुमचा!" आमच्या ह्यांनी तो घेतला आणि हापिसची फाइल धरावी तसा काखेत धरून लातूरपर्यंत आणला. मिशीखाली हसत होते, ते मी पाहिलं.

लातूरला दाळमिलच्या मागं एक खोली होती. दिवसभर मिलची घरघर आणि डाळीच्या भुश्शाचा वास. गावातल्यांना वाटायचं मी शहरात मजेत आहे, आणि मी भिंतीकडं बघून ज्वारीच्या शेताचा वास आठवत बसायची. तरी तोरा गेला नव्हता. मायचा तवा बाजेखाली ढकलला आणि गंजगोलाईच्या बाजारातून चकचकीत नवा तवा आणला. पहिल्याच रविवारी ह्यांचे हापिसातले साहेब सहकुटुंब जेवायला आले. मी भाकरी थापली, टाकली, आणि ती तव्याला जी चिकटली ती सुटेचना. दुसरी तशीच. उलथन्यानं खरवडून खरवडून शेवटी तुकडे ताटात आले. हे शांतपणे साहेबांना म्हणाले, "घ्या साहेब, हिच्या हदगावकडं भाकरीचा चिवडा करतेत."

मी उठले, बाजेखालून बारदान ओढलं. तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली आणि विस्तवावर धरली. टम्म फुगली. मला वाटलं, हातगुण माझाच!

तो गैरसमज भोकरच्या मावशीनं दूर केला. ती लातूरला आली तेव्हा तवा बघून म्हणाली, "अगं, सोयरीक जुळली त्या दिवशी तुझ्या मायनं ह्यो कोरा आणला. सगळा उन्हाळा तू उठायच्या आधी त्याच्यावर भाकरी केल्या. चिकटल्या, करपल्या त्या सगळ्या तिनंच खाल्ल्या. म्हणायची, कोऱ्या तव्याचं भांडण हितंच मिटवून देते, पोरीला तिकडं एकटीला नको."

मावशी सांगत होती आणि मी पदराचं टोक चावत होते. मी ज्याला जुनं म्हणत होते, ते नवंच होतं. फक्त कुणीतरी माझ्या आधी सोसलेलं.

त्यानंतर माझा आहेर ठरून गेला. गल्लीतली, गावाकडची कुणीही पोर नांदायला निघो की नोकरीला, मी तिच्यासाठी कोरा तवा आणून, रोज भाकरी भाजून मुरवायला घ्यायची. पत्रिकेवर छापलेलं असायचं, कृपया आहेर आणू नये. मी म्हणायची, हा आहेर नाही, तवा आहे. लोक कुजबुजायचे, लातूरची आजी आली, आता लोखंड निघंल. कुजबुजू द्या. सुशीलाच्या कपबशा कपाटात राहिल्या, नंतर फुटल्या. माझे तवे आज लातूरपासून पुण्यापर्यंत चुलीवर आणि गॅसवर आहेत, आणि त्याचा मला दणदणीत अभिमान आहे. भेट उपयोगाची नसावी, तिच्यात भाव असावा, असं आमची सूनबाई म्हणायची. मी म्हणायची, बाई, भाव रोज भाजून खाता आला तर काय बिघडतं?

आणि मग माझं नाक कापलं गेलं. तेही माझ्याच नातीकडून.

प्रज्ञा नर्स झाली आणि जर्मनीला निघाली. आमच्या घरातलं पहिलं विमान! मी महिनोन् महिने तिच्यासाठी तवा मुरवला, चांगला खोलगट, भाकरीचा. बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा पोरीनं स्वतःचे बूट काढून ठेवले आणि तवा घेतला. मी गल्लीभर सांगत फिरले.

आठ दिवसांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. "आजी, रागावू नको. इथली शेगडी काचेची आहे, सपाट. तुझा तवा तिच्यावर बसत नाही, नुसता डुलतो. गरमच होईना. मी तो भिंतीला टांगलाय. छान दिसतो."

छान दिसतो! मी जन्मभर ज्या शोभेच्या वस्तूंना नावं ठेवली, तीच मी सातासमुद्रापार पाठवली होती. हे बाजूला बसून म्हणाले, "सोनेरी काठ तेवढा राह्यला बघ."

पोरगी तिकडं पावावर दिवस काढत होती, वाळून गेली होती. लाज बाजूला ठेवली आणि तिला विचारलं, "तुला कसला लागतो ते सांग." देणाऱ्यानं हे आधी विचारायचं असतं, हे मला नातवंडं झाल्यावर कळलं. तिनं शेगडीचा फोटो पाठवला. मी सपाट बुडाचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा आणला आणि मुरवायला घेतला. घरभर धूर. सूनबाई कुरकुरली, "आत्याबाई, खिडकी तरी उघडा," आणि मग स्वतःच पदर खोचून भाकरी थापायला बसली. करपलेल्या भाकरी ह्यांनी खाल्ल्या, दात नसताना, दुधात कुस्करून. उदगीरचं एक पोरगं तिकडंच निघालं होतं, त्याच्याबरोबर तवा गेला.

तिची पहिली भाकरी नांदेड जिल्ह्याच्या नकाशासारखी होती. पण सुटली. तिनं तवा कॅमेऱ्यासमोर तिरका केला, कशी सरकते बघा म्हणून.

गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, आजी, तुझं घर आता कोणतं? हदगावचं शेत, लातूरची गल्ली, की नातीची ती काचेची शेगडी? गावातून बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही तर रोजच स्वतःला विचारत असाल. मी लई दिवस त्याचं उत्तर शोधून राहिले होते. मागच्या रविवारी प्रज्ञाचा फोन आला, तोंडात घास होता.

"काय खाऊन राहिलीस गं?"

"करपलेली भाकरी. चिकटली होती."

"अगं, तवा तर मुरलेला दिला होता मी!"

"तुझा नाही आजी. पुढच्या महिन्यात आमच्या वॉर्डात केरळची एक पोरगी येतेय, एकटीच. तिला विचारलं, तर म्हणाली डोसे करते. तिच्यासाठी कोरा आणलाय. मी मुरवून राहिले."