नवनगरच्या बाईंनी दिलेली कबुली

हुबळीच्या नवनगरमधली ती घटना आठवली, की आजही मी खुर्चीत सावरून बसतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कंप्युटरवर साड्या विकता येतात, हे आमच्या पोलीस ठाण्याला तोवर ठाऊकच नव्हतं.

हुबळीच्या एका दुकानातून कसुतीच्या, म्हणजे आपल्याकडच्या भरतकामाच्या, साड्या चोरीला गेल्या होत्या. गुन्हा नोंदवला, पण हाती काही लागेना. मग आमच्या हवालदाराला खबर मिळाली. "सर, नवनगरात एक रिटायर्ड टीचर आहेत. घरावर बोर्ड नाही, दारात गिऱ्हाईक नाही, आणि रोज साड्यांची पार्सलं निघतात पुण्या-मुंबईला! काहीतरी गोलमाल आहे बघा."

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, हा नियम. म्हणून हवालदार, एक महिला पोलीस आणि तो दुकानदार यांना घेऊन मीच गेलो. बाईंनी आधी सगळ्यांना चहा दिला.

"माल कुठला?"

"अळणावरकडच्या खेड्यांतल्या बायका भरतात. मी फोटो काढून इंटरनेटवर घालते."

दुकानदार उसळला. "खोटं! नक्षीत तेच गोपूर, तोच रथ. साड्या माझ्याच, सर!"

मी आवाज चढवला. "परराज्यात माल जातो. विक्रीकर भरता का? कुठे कळवलंय?" हा माझा नेहमीचा डाव. एका प्रश्नाने माणूस हलला नाही, की दुसरा टाकायचा. बाईंनी हातातला कप तसाच खाली ठेवला. आमचा हवालदार खूश.

मग त्या म्हणाल्या, "आधी चोरीचं बघू. साडी उलटी करा."

केली. काय सांगू! सुलट कुठली, उलट कुठली, कळेना. एक गाठ दिसेल तर शपथ!

"अण्णा, तुमचा माल असा आहे?" मी दुकानदाराला विचारलं.

"नाही सर... आमचा मशीनचा," तो पुटपुटला. मशीनचं काम हातचं म्हणून खपवत होता लेकाचा.

मी उठलो. "अक्का, उगाच त्रास दिला. येतो आम्ही."

"थांबा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. कर नाही भरला मी. दुकान नाही म्हणजे कर नाही, असंच धरून चालले होते. कुठे जाऊन सांगायचं?"

मी चाटच पडलो. "अहो, तो नुसता दम होता! कोण बघतंय तुम्हाला? मागचा कर, दंड, सगळं अंगावर आलं तर हे बंद पडेल. त्या बायकांनी काय करायचं?"

बाईंचे डोळे भरले. "त्याचीच भीती वाटते हो. कितीतरी चुली आहेत ह्याच्यावर. पण एक टाका चुकला तरी मी त्यांना अख्खी ओळ उसवायला लावते. आता त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने बसू?"

दुसऱ्या दिवशी विक्रीकर कार्यालयातून फोन आला. "सर, एक बाई आल्यात. तुमचं नाव सांगतात, इंटरनेटवरची विक्री कळवायचीय म्हणतात. ह्यांचं करायचं काय? असं कुणी आलेलंच नाही आजवर!" शेवटी नोंदणी झाली. मागचा कर बाईंनी दंडासकट हप्त्यांनी फेडला. ते फिटेपर्यंत स्वतः काही घेतलं नाही, पण बायकांची मजुरी एकदाही अडली नाही.

चोरही सापडला, दुकानदाराचाच नोकर निघाला. माल तारिहाळच्या एका गोदामात मिळाला. तो गुन्हा आता कुणाला आठवतही नसेल.

नोकरीत मी पुष्कळांकडून कबुली घेतली, दरडावून घेतली, गोड बोलून घेतली. कुणी आपणहून दिलेली मात्र ती एकच पाहिली, आणि तीसुद्धा मी निघालेलो असताना.