देवमण नसलेली घोडी

औरंगपुऱ्यात माझा फोटो स्टुडिओ होता आणि मागच्या गल्लीत माझा मित्र चित्रं काढायचा. लोक त्याला चित्रकार म्हणत, मला फोटोवाला. हे मला आयुष्यभर टोचलं. आता पंचाहत्तरी उलटली, तेव्हा खरं काय घडलं ते लिहून टाकतो.

फुलंब्रीच्या एका पाटलांना आपल्या म्हाताऱ्या, तांबूस घोडीचं चित्र हवं होतं. मित्राचा पाय प्लास्टरमध्ये. फोटो समोर ठेवून चित्र काढता यावं म्हणून त्यानं मला घोडीचे फोटो काढायला पाठवलं. वर शिकवलंही, "लांब उभा राहा, कॅमेरा तिच्या खांद्याच्या उंचीला धर. जवळून काढलंस तर तोंड मोठं येतं नि पाय आखूड." जन्म कॅमेऱ्यामागं घालवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं!

पाटलांनी घोडी कोवळ्या उन्हात उभी केली. तिच्या गळ्यावरचा केसांचा भोवरा दाखवत म्हणाले, "हे देवमण. लई शुभ असतंय. हे आलंच पाहिजे, बरं का." त्यांनी हरभऱ्याचा डबा खुळखुळवला. घोडीनं मान उचलली, कान टवकारले आणि माझं बोट आपसूक दाबलं गेलं. देवमणासकट अख्खी घोडी उतरली.

तो फोटो मी मित्राला दिलाच नाही. मुद्दाम जवळ जाऊन, गळा सावलीत ठेवून काढलेले दिले. देवमणाबद्दल तर अवाक्षरही काढलं नाही.

त्यानं आखूड पाय नजरेच्या अंदाजानं बरोबर केले. भोवरा अंदाजानं कसा काढणार?

चित्र पाहून पाटील म्हणाले, "घोडी झकास हाय, पण माझी नाय. देवमण कुठंय?"

"लगेच काढून देतो," मित्र म्हणाला.

"नाय. देवमण मागून लावायचं नसतंय, असावं लागतंय."

"चुकलं माझं. स्वतः येऊन बघायला हवं होतं." त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर त्यानं कुणाचंच काम घेतलं नाही. मी सहा वर्षं गप्प राहिलो.

गेल्या आठवड्यात तो लपवलेला फोटो घेऊन त्याच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. त्यानं बराच वेळ चष्मा पुसला, मग फोटो खिडकीशी नेला.

"गाढवा, कान बघ कसे पकडलेस! असला फोटो लपवतं का कुणी?" असं म्हणून तो टेबलाच्या खणात पेन्सिल शोधू लागला.

माझ्या फोटोचं त्यानं केलेलं हे पहिलंच कौतुक. आणि तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.