ऐंशीच्या वर नको

साडूभाऊंचा फोन मी शंभर टक्के चार्ज केला आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. खरं तर मी उपकार करायला गेलो होतो. वैशाखातल्या एका रविवारी आम्ही नवराबायको कोरीटला त्यांच्या घरी जेवायला गेलो. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाल्यावर साडूभाऊ आडवे झाले. त्यांचा फोन मला दिसला तो एकोणतीसवर. बंद पडेल बिचारा, म्हणून मी आमरसाच्या गुंगीत तो खिडकीत, भर उन्हात, कव्हरासकट चार्जरला लावला आणि समाधानानं स्वतःही लवंडलो.

उभ्या नंदुरबार जिल्ह्यात कुणी तान्ह्या पोराला जपलं नसेल इतकं आमच्या साडूभाऊंनी त्या बॅटरीला जपलंय. वीसच्या खाली उतरू द्यायची नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायची नाही. चार्जिंग उन्हं कलल्यावर, कव्हर काढून, त्याच फोनसोबत आलेल्या मूळ चार्जरनं. चार्जिंग चालू असेतो फोनवर बोलणं बंद. कारण विचारलं तर म्हणतात, "बैलले पोट फुटालगून चारतस का? आनि उपाशी ठेई नांगरले जुपतस का? मंग?" उन्हाळ्यात तो फोन पाण्याच्या माठाशेजारी एका कोरड्या माठात राहतो. वाजला की माठ असा घुमतो की नवखा पाहुणा देवघराकडे बघून हात जोडतो. साडूभाऊ मात्र शांतपणे माठात हात घालून "हालो" म्हणतात.

बरं, ही माया स्वतःच्या फोनपुरती असती तरी चाललं असतं. विसरवाडीला बस चहासाठी थांबली, की प्रवासी चहाकडे जातात, हे हॉटेलातल्या चार्जिंगच्या बोर्डाकडे. एकदा एका ट्रकवाल्याचा फोन त्यांनी परस्पर काढून ठेवला. तो खवळला, "ओ काका, हात कशाला लावला?" साडूभाऊ म्हणाले, "नव्वद व्हई गया, भाऊ. आते तो भरी नही ऱ्हायना, तापी ऱ्हायना." "मला सुरतेपर्यंत रस्ता बघायचाय त्यात!" "सुरतलगून नव्वद पुरस." ट्रकवाल्यानं फोन गालाला लावून पाहिला. खरंच तापला होता. साडूभाऊंना त्यानं चहा पाजला, आणि आमची बस तोवर खोळंबली. ऐंशीचा हा नियम फक्त त्यांच्या स्वतःच्या पोटाला लागू नाही. त्या दिवशीच सहाव्या पोळीला माझ्या मेहुणीनं, म्हणजे अक्कानं, विचारलं होतं, "आते कितला टक्के व्हयना?" त्यांनी वाटी पुढे केली होती.

तर असा माणूस झोपेतून उठला आणि त्यानं खिडकीत आपला फोन पाहिला. शंभर! सातबाऱ्यावर परक्याचं नाव दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला. "हाई कोनी करं?" मी शाळेतल्यासारखा हात वर केला. ते माझ्याकडे पाठ फिरवून फोन तळहातावर घेऊन त्यावर फुंकर घालत बसले. मग बॅटरीचं आरोग्य दाखवणारं पान उघडून पुटपुटले, "काल त्र्याऐंशी व्हतं." आता ब्याऐंशी होतं. ऐंशीच्या खाली गेली की बॅटरी खराब समजतात. एका दुपारच्या चार्जिंगनं टक्का उतरत नसतो, तो आज ना उद्या उतरणारच होता. पण हे त्या चेहऱ्याला सांगणार कोण? "नवी बॅटरी बसवून देतो," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी अक्काला मदत करायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे मला बघून दोघी बहिणी आधी हसल्या.

मग अक्कानं सांगितलं. ज्योती, त्यांची लेक, परदेशातल्या इस्पितळात नर्स आहे. दोन वर्षांसाठी म्हणून गेली, त्याला आता पाच होतील. जाताना तिनं हा फोन बापाच्या हातात दिला. बाप रडायला लागला, तेव्हा हसत म्हणाली, "रडू नका आप्पा, हाई बॅटरी खराब व्हवाना पहिले मी परत येसू."

"पोर इसरी गयी व्हई," अक्का म्हणाली, "पन हाई मानूस नही इसरनं."

संध्याकाळी माठ घुमला. ज्योतीचा रविवारचा फोन. मी दाराशी थिजून उभा राहिलो. आता माझी तक्रार सातासमुद्रापार जाणार.

"तुन्हा फोन कितला शे?" साडूभाऊंनी स्पीकर लावून विचारलं.

"चौसठ, आप्पा. तुमना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चांगला शे."

"जुना व्हई गया तो. नवा धाडू का?"

"नको, नको. हाऊ आजून चालस." मग जरा थांबून म्हणाले, "रातभर चार्जरले लाई ठेवू नको." आणि फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर मी बायकोला म्हणालो, "माझं नाव नाही सांगितलं त्यांनी." मी पुढे म्हणालो, "पण एकदा तरी 'ये' म्हणायचं ना पोरीला." नंदुरबारला घरी पोचल्यावर, कुलूप उघडता उघडता, ती म्हणाली, "पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ. 'ये' म्हणून मी सांगीन तिला. तुम्ही फक्त चार्जरला हात लावू नका."