उजवीकडून वाचायची गोष्ट

अक्षता मोंडकर दादरच्या एका चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे टोचतंय का विचारायचं, दांडी गरम करून वाकवायची. दुपारी दुकान जरा रिकामं झालं की काउंटरच्या आड स्टुलावर बसून ती मोबाइलवर मांगा वाचते. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. त्यातही तिला लागतात त्या प्रेमाच्या, सतरा-अठराच्या पोरापोरींच्या. त्यांत अर्धी गोष्ट डोळ्यांतच घडते, आणि बोलायचं ते वेळेवर कुणी बोलत नाही.

हे वेड तिला पूर्वीने लावलं. दोघी भोईवाड्याच्या एकाच चाळीतल्या, एकाच गॅलरीतल्या. अकरावीत असताना पूर्वीच्या घरी जुना कॉम्प्युटर आला आणि तिने पहिली मांगा उघडली. अक्षता सवयीने डावीकडून वाचू लागली, तर मुलगी आधी रडायची आणि मुलगा नंतर सोडून जायचा.

"उजवीकडून वाच गं बये," पूर्वी हसून म्हणाली, "त्यांचं उलटं असतं."

मग एका खुर्चीत अर्ध्या अर्ध्या बसून दोघींनी किती मांगा संपवल्या त्याला सुमार नाही. मुका घेतल्याचं पान आलं की पूर्वीचा एक कान स्वयंपाकघराकडे. तिच्या आईची, शेवंतीकाकींची चाहूल लागली की स्क्रीनवर अकाउंटन्सी. अक्षता वाचून रडायची, आणि पूर्वी जर्नलच्या कोऱ्या पानांवर तेच पाणीदार डोळे गिरवत बसायची. पुढे पूर्वी चित्रकला शिकली, परळला अॅनिमेशनच्या ऑफिसात लागली. अक्षता बी.कॉम. होऊन दुकानात.

अभयचं प्रकरण चाळीत फक्त पूर्वीला ठाऊक होतं. अभय नायगावच्या बीडीडी चाळीतला, बौद्ध घरातला, बँकेच्या परीक्षा देणारा. चष्मा करायला आला तो येतच राहिला. अक्षताच्या घरी हे चालणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून रजिस्टर लग्न ठरवलं. नोटीस दिली, महिना उलटला, दिवस ठरला. पूर्वी साक्षीदार. ती तेव्हा माहीमला मावशीकडे होती, तिथून सकाळी तिचा फोन आला, "सणकून ताप आलाय गं, उठवतच नाही. अभयचे मित्र असतील ना? तू हो पुढे."

अक्षता पूर्वीचीच हिरवी साडी नेसून ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली. ब्लाउज सैल, म्हणून पाठीत सेफ्टीपिन लावलेली. अभय आला नाही, त्याचे मित्रही नाहीत. फोन बंद. तिथे अर्ज टाइप करून देणाऱ्या म्हाताऱ्याने दोनदा विचारलं, "बाई, नवरदेव येतायत ना?" शिपायाने दार ओढून घेतलं तेव्हा ती उठली. घरी येऊन तिने गवार निवडली.

नंतर त्याचा एकच मेसेज आला, 'माफ कर.' तिनेही मानापायी उलट विचारलं नाही. पुढे कानावर आलं की त्याला नागपूरकडे नोकरी लागली, लग्नही झालं. तो का आला नाही, हा काटा मात्र राहिला. कित्येकदा तिने पूर्वीला विचारलं, "माझं काय चुकलं असेल गं?" पूर्वी तिच्या पाठीवरून हात फिरवायची. "मला काय माहीत? सोड ना आता."

या वर्षी दुकानात लागलेल्या नम्रताने एक दिवस मोबाइल पुढे केला. "ताई, हे वाच. मांगाच आहे, पण आपली. दादर, परळ, सगळं आपलं. दर शुक्रवारी नवा भाग येतो."

काढणारीचं नाव भलतंच होतं. पहिल्या पानावर सूचना होती, 'उजवीकडून वाचा.' अक्षताने तीन भाग एका दमात वाचले. चष्म्याच्या दुकानातली मुलगी बघून तिला गंमत वाटली. चौथ्या भागात ती मुलगी बाकावर बसली होती. पाठीत सेफ्टीपिन. समोर टाइपरायटर आणि म्हातारा. 'बाई, नवरदेव येतायत ना?'

म्हाताऱ्याचं ते वाक्य अक्षताने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

तिचे कान गरम झाले. तरी तिला वाटलं, पूर्वीने गोष्ट काढली तर काढली, विचारायला हवं होतं एवढंच. पण पाचवा भाग मुलाचा होता, आणि त्यातलं काहीच तिने पूर्वीला सांगितलेलं नव्हतं. मुलगा आदल्या संध्याकाळी मैत्रिणीला भेटतो. माहीमच्या किनाऱ्यावर, होड्यांपाशी. म्हणतो, "तिच्या घरी गेलो होतो, दुकानातला ओळखीचा म्हणून. तिच्या आईने आडनाव विचारलं आणि मला वेगळा कप दिला. कान तुटलेला, कचरेवाल्यासाठी ठेवतात तो. तीही तिथेच होती, तिने बघितलं आणि मान खाली घातली. एक शब्द बोलली नाही. मी आयुष्यभर त्या कपात चहा पिऊ शकत नाही. उद्या मी येत नाही. तिला सांग, म्हणजे ती जाऊन बसणार नाही."

मैत्रीण मान डोलावते. भाग तिथे संपतो.

दुकान सुटल्यावर अक्षता तडक पूर्वीच्या दारात उभी राहिली. आत शेवंतीकाकी बांगडे तळत होत्या. पूर्वी तिचा चेहरा बघून गॅलरीत आली. आजूबाजूला शेजारी, म्हणून जे काही झालं ते हलक्या आवाजात झालं.

"तुला आदल्या दिवशी माहीत होतं?"

पूर्वी कठड्याला धरून उभी होती. "हो."

"आणि ताप?"

"नव्हता. अक्षू, तू इतकी खूश होतीस... माझ्या तोंडून निघेना. मला वाटलं, तो रात्रीत विचार बदलेल. येईल."

"आणि नाही आला, मग? इतकी वर्षं मी तुला विचारत होते, पूर्वी."

"उशीर झाला होता. मग रोज आणखीच उशीर होत गेला."

"अगं, तो त्या कपापायी येत नाहीये हे मला तेव्हा कळलं असतं तर मी नायगावला त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते. चुकलं म्हटलं असतं. आईशी भांडले असते. ते माझं होतं ना? तू ते ठेवून घेतलंस. आणि आता लोकांना वाटतेयस?"

"मला ते कुठेतरी बोलायचं होतं गं."

"मला सोडून सगळ्यांना!"

आतून काकींनी विचारलं, "कोण गो? अक्षता काय? जेवूक थांब."

"नको काकी, घाई आहे," अक्षता म्हणाली.

पूर्वीने डोळे पुसले. "शेवटचा भाग अजून काढला नाहीये. तू म्हणशील तर सगळंच काढून टाकते. नाहीतर सांग, कसा करू?"

"तू जे केलंस तेच दाखव," अक्षता म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

शुक्रवारी शेवटचा भाग आला. नको नको म्हणत तिने उघडला. त्यात मैत्रीण भल्या सकाळी टॅक्सी करून येते, धावत बाकापाशी पोचते, मुलीचे हात धरून सगळं सांगते. दोघी मिळून नायगावला जातात. खाली वाचकांनी टाकलेल्या लाल बदामांचा पाऊस. एकाने लिहिलं होतं, या गोष्टीतलं खरं प्रेम म्हणजे ही मैत्रीण.

अक्षताने तो भाग शेवटपर्यंत वाचला. अभय आला नाही तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान पूर्वी होती.

नम्रता नाक ओढत म्हणाली, "ताई, कसली भारी फ्रेंड दाखवलीय ना?"

"खोटं आहे ते," अक्षता म्हणाली.

"स्टोरीच आहे ना ताई, खोटं काय त्यात?"

 अक्षता आत जाऊन चूळ भरून आली आणि पुन्हा काउंटरवर उभी राहिली.

पूर्वीचे मेसेज येत राहिले, हिने उघडले नाहीत. आईला मात्र एका सकाळी तिने अभयचं नाव घेऊन त्या कपाबद्दल विचारलं. आई म्हणाली, "कोण अभय?" तिला खरंच आठवत नव्हतं.

चाळीत अजून कुणाला काही ठाऊक नाही. परवा शेवंतीकाकींनी वाटीभर बांगड्याचं तिखलं आणून दिलं. "तू हल्ली येत नाय आमच्याकडे. झगडलात काय गो दोघी?"

"नाय काकी. काम वाढलंय."

दुसऱ्या दिवशी अक्षताने वाटी घासून, त्यात आईने केलेले चार बेसनाचे लाडू घालून पूर्वीच्या दाराबाहेर ठेवली, कडी वाजवली, आणि दार उघडायच्या आत जिना उतरली.